द्राक्षांचा कंटेनर आणि तीन जनरेटर

तासगाव, सावळज, मणेराजुरी या पट्ट्यात जहाजांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. ‘जनरेटर तो जनरेटर. आमच्या शीतगृहामागचा डीजी सेट उचलून बोटीत बसवला, तर चालणार नाही का?’

प्रश्न रास्त आहे. दोन्हीकडे डिझेलचं इंजिन असतं. दोन्हीकडे त्याला अल्टरनेटर जोडलेला असतो, म्हणजे तांब्याच्या वेटोळ्यांमध्ये चुंबक फिरवून वीज तयार करणारं यंत्र. काही कंपन्या तर इंजिनाचा मूळ ठोकळा एकच बनवतात आणि त्यातूनच जमिनीवरचा सेट आणि जहाजावरचा सेट घडवतात. तरीही उत्तर ‘नाही’ असंच आहे. ते का, हे समजायला तासगावच्याच एका वस्तूमागे जाऊ: निर्यातीच्या द्राक्षांचा कंटेनर.

१. एका कंटेनरला तीन ठिकाणची वीज

बागेतून आलेल्या द्राक्षांत उन्हाची उष्णता साठलेली असते. पॅकहाऊसमध्ये ती काही तासांत काढून टाकतात. याला प्रीकूलिंग म्हणतात. मग पेट्या शून्य ते एक अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवल्या जातात. हा गारवा मध्ये तुटला की देठ सुकतात, मणी गळतात, बुरशीला वाट मिळते. माल युरोपला जातो, त्यातला बराचसा नेदरलँड्समध्ये उतरतो. २०२३ च्या डिसेंबरपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि आधीच तीन-चार आठवड्यांचा असलेला हा प्रवास आणखी लांबला. एवढे दिवस गारवा टिकवायचा, तर एवढे दिवस अखंड वीज हवी.

ती तीन ठिकाणांहून येते. शीतगृहात महावितरणची वीज असते आणि ती गेली की मागचा डीजी सेट सुरू होतो. पुढे तासगाव ते न्हावाशेवा हा सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता. इथे कंटेनरच्या कपाळावर टांगलेला किंवा ट्रेलरच्या पोटाखाली बसवलेला छोटा जनरेटर काम करतो. त्याची क्षमता साधारण १५ किलोवॉट असते आणि त्याला एकच कंटेनर थंड ठेवायचा असतो. तिसरं ठिकाण जहाज. तिथे कंटेनरचा प्लग डेकवरच्या सॉकेटमध्ये घातला की तो जहाजाच्या जनरेटरांवर अवलंबून होतो.

हिशेब करून पाहू. थंड झालेला कंटेनर सरासरी ४ किलोवॉट वीज ओढतो असं धरा. जहाजावर असे ५०० कंटेनर असतील, तर फक्त त्यांच्यासाठी २,००० किलोवॉट, म्हणजे २ मेगावॉट वीज लागते. पंप, पंखे, दिवे, सुकाणू, रडार, खलाशांचं स्वयंपाकघर हे सगळं वेगळं.

२. बदलीचा आणि कायमचा

शीतगृहाचा डीजी सेट बदली कामगार आहे. लाईट असते तोवर तो गप्प असतो, गेली की धावतो, आली की थांबतो. म्हणून त्याच्या पाटीवर बऱ्याचदा ‘स्टँडबाय’ क्षमता लिहिलेली असते. या प्रकाराचं गणित वर्षाला साधारण २०० तास चालण्याचं असतं. जास्त तास चालवायचा तर ‘प्राइम’ क्षमता बघतात. ती कमी असते, कारण रोज राबायचं तर इंजिनाला थोडी सवलत द्यावी लागते. २५० केव्हीए लिहिलेला सेट घेताना हे ‘२५०’ स्टँडबायचं की प्राइमचं, हे विचारून घ्या. सेट अकाली बिघडतात, त्यामागे अनेकदा हा न विचारलेला प्रश्न असतो.

वर्षाचे तास ८,७६०. जहाजावरचा जनरेटर त्यातले हजारो तास चालतो, कारण तिथे ‘लाईट येण्याची’ वाट बघायची सोयच नाही. भर समुद्रात महावितरण नाही, डीपी नाही, वायरमन नाही. जनरेटर हीच तिथली वीज कंपनी. पुढे आपण जे जे फरक बघणार आहोत, त्यांतले निम्मे या एका गोष्टीतून निघतात. उरलेले निम्मे समुद्राच्या पाण्यातून.

चालू करण्याची पद्धतसुद्धा यामुळे बदलते. आपल्याकडचा सेट बॅटरीने चालू होतो. जहाजावरचे मोठे सेट दाबाखालच्या हवेने चालू होतात. टाक्यांमध्ये साधारण ३० बार, म्हणजे वातावरणाच्या तीसपट दाबाची हवा भरून ठेवलेली असते आणि ती सोडली की इंजिन फिरू लागतं. शिवाय आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की सगळं बंद पडून जहाज ‘मृत’ झालं, तरी बाहेरची कसलीही मदत न घेता ते पुन्हा सुरू करता आलं पाहिजे. डीजी सेट चालू झाला नाही तर आपण शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणतो. तिथे शेजारी नसतो.

३. पन्नास की साठ?

भारतातली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे प्रवाहाची दिशा सेकंदाला ५० आवर्तनं करते. जहाजांवर मात्र बहुतेक ठिकाणी ६० हर्ट्झ आणि ४४० व्होल्ट असतात. मोठ्या कंटेनर जहाजांवर मुख्य वीज ६,६०० व्होल्टलाच तयार करतात आणि पुढे ती उतरवून वापरतात.

हे हर्ट्झ इंजिनाच्या वेगावर ठरतात. सूत्र सोपं आहे: मिनिटाचे फेरे गुणिले चुंबकाचे ध्रुव भागिले १२०. आपल्या सेटला चार ध्रुव आणि १,५०० फेरे. १,५०० गुणिले ४ भागिले १२०, उत्तर ५०. तोच सेट १,८०० फेऱ्यांनी चालवला तर ६०. जहाजाचे मोठे जनरेटर इतके वेगात फिरत नाहीत. दहा ध्रुव आणि ७२० फेरे घ्या: ७२० गुणिले १० भागिले १२०, उत्तर पुन्हा ६०. इंजिन सावकाश फिरतं, कमी झिजतं आणि वीज हवी तीच मिळते.

साठ हर्ट्झचा फायदा असा की त्याच ताकदीच्या मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर आकाराने थोडे लहान करता येतात. जहाजावर जागा आणि वजन दोन्ही मोलाचं.

मग ५० वर चालणारी मोटार ६० वर लावली तर? ती वीस टक्के जोरात फिरेल. पाण्याचा पंप असेल तर त्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. १.२ गुणिले १.२ गुणिले १.२ म्हणजे सुमारे १.७३, म्हणजे जवळपास पाऊणपट जास्त भार. मोटार जळण्याची तयारीच ती. म्हणून बंदरात जहाजाला किनाऱ्यावरची वीज द्यायची असेल, तर बहुतेक वेळा मध्ये आवर्तनं बदलणारं यंत्र बसवावं लागतं.

आपल्या कंटेनरची मात्र गंमत आहे. त्याचं शीतयंत्र ५० आणि ६० दोन्हींवर चालेल असंच बनवलेलं असतं. पॅकहाऊसच्या आवारात तो ५० वर असतो, ट्रेलरवर टांगलेल्या जनरेटरवर ६० वर जातो, बंदराच्या आवारात पुन्हा ५० वर आणि जहाजावर परत ६० वर. द्राक्षांना याचा पत्ताही लागत नाही.

४. उष्णता टाकायची कुठे?

२५० केव्हीएचा सेट पूर्ण भारावर साधारण २०० किलोवॉट वीज देतो. तेवढ्यासाठी तो सुमारे ५०० किलोवॉटचं डिझेल जाळतो. उरलेले ३०० किलोवॉट म्हणजे निव्वळ उष्णता. काही धुरातून जाते, बाकीची इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात आणि तेलात शिरते.

जमिनीवर उत्तर सोपं आहे. पुढे रेडिएटर, त्यामागे पंखा. गरम पाणी जाळीतून जातं, पंखा त्यावर वारा मारतो आणि उष्णता मोकळ्या हवेत जाते. शेड नीट मोकळं ठेवलं की काम झालं.

जहाजाचं इंजिनघर पाण्याच्या पातळीखाली, पोलादी भिंतींच्या आत असतं. तिथली हवा ४५ अंशांपर्यंत तापू शकते हे गृहीत धरूनच यंत्रं निवडतात. त्या हवेत रेडिएटर लावला तर तो इंजिनघरच भाजून काढेल. पण बाहेर अथांग थंड पाणी आहे आणि तेवढ्याच घनफळाचं पाणी हवेच्या साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेऊ शकतं. म्हणून जहाजावर रेडिएटरच्या जागी उष्णता-बदलक येतो. पातळ पत्रे एकावर एक रचलेले असतात. एका पत्र्याच्या अलीकडून इंजिनातलं गोडं पाणी वाहतं, पलीकडून समुद्राचं. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही, फक्त उष्णता ओलांडते.

समुद्राचं पाणी थेट इंजिनात का फिरवत नाहीत? मिठाने ओतीव लोखंड खाऊन टाकलं असतं आणि गरम भागांवर क्षारांचा थर बसला असता. म्हणून खारं पाणी जिथे जिथे जातं, तिथला धातूच वेगळा असतो: पत्रे टायटॅनियमचे, नळ्या तांबं-निकेलच्या, पंपाचं पातं ब्राँझचं. त्यातही जस्ताचे गोळे मुद्दाम बसवतात. खारं पाणी आधी जस्त खातं आणि तोपर्यंत बाकीचे धातू वाचतात. जस्त संपलं की नवं लावायचं, एवढंच.

कोकण किनाऱ्यावरच्या मासेमारी नौकांमध्ये ट्रकच्या जातीचं इंजिन बदल करून बसवलेलं असतं. त्या बदलांतला मोठा भाग हाच आहे: रेडिएटर काढून उष्णता-बदलक घालणं आणि धुराच्या नळकांड्याभोवती पाण्याचा वेढा देणं. धुराचा हा भाग फार महत्त्वाचा. शेडमध्ये सायलेन्सर लाल होईपर्यंत तापला तरी फारसं कुणी बघत नाही. जहाजावर २२० अंशांपेक्षा जास्त तापणारा कोणताही पृष्ठभाग, जिथे तेल उडून आग लागू शकते, तो झाकलाच पाहिजे असा नियम आहे. इंजेक्टरकडे जाणारी जास्त दाबाची डिझेलची नळीसुद्धा दुहेरी असते. आतली फुटली तर डिझेल बाहेरच्या नळीत सांडतं, तिथून टाकीत जातं आणि घंटा वाजते. इंजिनघरातल्या अनेक आगी अशाच एका बारीक नळीतून सुरू झालेल्या आहेत.

५. जमीन हलली तर

शीतगृहातला सेट सिमेंटच्या चौथऱ्यावर पातळी लावून बसवतात. जहाजात पातळी नावाची गोष्टच नसते. नियमाप्रमाणे मुख्य यंत्रं जहाज एका कुशीला १५ अंश कायमचं कललेलं असताना चालली पाहिजेत आणि लाटांवर २२.५ अंशांपर्यंत डोलतानाही. पुढे-मागे साडेसात अंशांचं हिंदकळणं वेगळंच.

यात अडचण कुणाची होते? तेलाची. इंजिनाच्या तळाशी तेलाचं भांडं असतं आणि पंप त्यातून तेल उचलतो. भांडं उथळ असेल आणि जहाज कललं, तर तेल एका बाजूला जातं आणि पंपाच्या तोंडी हवा येते. बेअरिंगला काही सेकंद तेल मिळालं नाही तरी इंजिन कायमचं जायबंदी होतं. म्हणून जहाजाच्या इंजिनाचं भांडं आणि पंपाचं तोंड वेगळ्या रचनेचं असतं. जनरेटर बसवतानाही त्याचा दांडा जहाजाच्या लांबीच्या दिशेने ठेवतात. आडवा ठेवला तर प्रत्येक डोलण्याला फिरतं वजन बेअरिंगवर डाव्या-उजव्या बाजूने आदळत राहील.

हवेतल्या मिठाचं थोडक्यात सांगतो. बंद पडलेला अल्टरनेटर थंड झाला की त्यावर दमट, खारी हवा दव धरते आणि वेटोळ्यांवरचं आवरण कमजोर होतं. म्हणून अल्टरनेटरच्या आत एक लहान हीटर असतो. जनरेटर चालू असताना तो बंद आणि जनरेटर थांबला की चालू.

६. अर्थिंगचं कोडं

हा या प्रकरणाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्यांनाही इथे बराच वेळ अडायला होतं, म्हणून सावकाश जाऊ.

आपल्याकडे डीपीजवळ आणि जनरेटरजवळ खड्डा घेतात, त्यात पत्रा किंवा नळी पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ घालतात, उन्हाळ्यात वरून पाणी ओततात. जनरेटरच्या तीन फेजची एक-एक टोकं जिथे एकत्र येतात, तो बिंदू म्हणजे न्यूट्रल, या खड्ड्याला जोडलेला असतो. का? समजा कॉम्प्रेसरच्या मोटारीतली वायर सोलली गेली आणि मोटारीच्या अंगाला लागली. वीज मोटारीच्या अंगातून अर्थिंगच्या वायरीत, तिथून न्यूट्रलला, असा पूर्ण फेरा करते. फेरा पूर्ण झाला की मोठा प्रवाह वाहतो, फ्यूज उडतो किंवा ब्रेकर पडतो आणि मोटार बंद होते. माणूस वाचतो. अर्धा तास गारवा गेला तरी चालेल, जीव जाता कामा नये. जमिनीवर हे अगदी बरोबर आहे.

आता मोटार सुकाणूची आहे असं समजा. जहाज अरुंद खाडीतून चाललं आहे, दोन्ही बाजूंना खडक. वायर सोलली आणि ब्रेकर पडला. सुकाणू गेलं. आता एका माणसाऐवजी सगळं जहाज धोक्यात आहे.

म्हणून ४४० व्होल्टच्या जहाजांवर न्यूट्रल कशालाच जोडत नाहीत, तो सुटा ठेवतात. मोटारींची पोलादी अंगं जहाजाच्या सांगाड्याला जोडलेली असतात, पण जनरेटरचा न्यूट्रल नाही. एक वायर सोलून सांगाड्याला लागली, तर विजेला परतीची वाट नसते. फेरा पूर्ण होत नाही, ब्रेकर पडत नाही, मोटार चालू राहते. सुकाणू हातात राहतं.

पण दोष तर झालाच आहे. तो कळणार कसा? मुख्य बोर्डावर तीन दिवे असतात, प्रत्येक फेजला एक. सगळं ठीक असताना तिघेही सारखेच मंद जळतात. एका फेजला दोष आला की त्याचा दिवा विझायला येतो आणि उरलेले दोन जास्त प्रखर होतात. नव्या जहाजांवर याच कामासाठी मोजणारं यंत्र असतं आणि ते घंटा वाजवतं. मग इलेक्ट्रिकल अधिकारी एकेक सर्किट बंद करून बघतो. ज्या सर्किटला दिवे पुन्हा सारखे होतात, तिथे दोष. कधी स्वयंपाकघरातली शेगडी निघते, कधी डेकवरचा पाण्याने भरलेला दिवा.

हे शोधायला दिरंगाई चालत नाही. पहिला दोष तसाच ठेवला आणि दुसऱ्या फेजला दुसरा दोष झाला, तर सांगाड्यातून दोन फेज थेट भिडतात. तो शॉर्टसर्किट असतो आणि नेमकं जे वाचवायचं होतं तेच बंद पडतं. न्यूट्रल सुटा आहे म्हणून एका वायरला हात लावायला हरकत नाही, असं तर कुणी चुकूनही समजू नये. जहाजातल्या मैलोगणती केबलींचा सांगाड्याशी विजेचा सूक्ष्म संबंध असतोच आणि तेवढा प्रवाह माणसाला मारायला पुरतो. ६,६०० व्होल्टच्या जहाजांवर पद्धत पुन्हा वेगळी: तिथे न्यूट्रल मोठ्या रोधकातून सांगाड्याला जोडतात, म्हणजे दोषाचा प्रवाह वाहतो पण मर्यादेत राहतो.

तासगावचा सेट जहाजात बसवता न येण्याचं मला वाटणारं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. रेडिएटर बदलता येतो, तेलाचं भांडं बदलता येतं. पण तो सेट आणि त्याचा बोर्ड ‘दोष दिसला की बंद पडा’ या विचारावर उभे आहेत. जहाजाची वीज ‘दोष दिसला तरी चालू राहा आणि ओरडून सांगा’ या विचारावर उभी असते.

७. एका जोखडाखाली

मोठ्या जहाजावर एक जनरेटर कधीच नसतो. तीन-चार असतात. समुद्रात एखाद-दुसरा पुरतो. बंदरात शिरताना किंवा थंड कंटेनर जास्त असताना आणखी चालू करतात. पण चालू जनरेटरला दुसरा नुसता जोडता येत नाही. गाडीला नवा बैल जुंपताना तो आधीच्याच्या चालीने चालू लागल्यावरच त्याच्या मानेवर जू ठेवतात. तो उलट पाऊल टाकत असेल तर जू मोडेल. जनरेटरचंही तसंच आहे. नव्या जनरेटरचे व्होल्ट तेवढेच हवेत, आवर्तनं तेवढीच हवीत आणि लाटेचा चढ-उतारही त्याच क्षणी जुळायला हवा. याला सिंक्रोनायझेशन म्हणतात. जुळलं की ब्रेकर लावायचा. मग भार दोघांनी सारखा ओढायचा, एकाने मान टाकून चालणार नाही.

शीतगृहाला याची गरज क्वचित पडते. तिथे चेंजओव्हर स्विच असतो: एकतर लाईट, नाहीतर जनरेटर. दोन्ही एकत्र येऊच नयेत अशीच रचना असते, कारण जनरेटरची वीज उलट लाईनवर गेली तर खांबावरच्या वायरमनचा जीव जाईल.

जहाजावर आणखी एक सोय असते. दोनपैकी एक जनरेटर अचानक गेला तर उरलेल्यावर सगळा भार येतो आणि तोही पडतो. ते टाळण्यासाठी बिनमहत्त्वाचे भार आपोआप सोडले जातात: वातानुकूलन, स्वयंपाकघर, काही पंखे. थंड कंटेनरही या यादीत असू शकतात. द्राक्षं थोडा वेळ थांबू शकतात, सुकाणू थांबू शकत नाही.

८. शेवटचा जनरेटर

१९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं. त्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरच्या जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. तोच सुधारत सुधारत आज सोलास या नावाने चालतो. या नियमांनुसार मोठ्या जहाजावर इंजिनघराच्या बाहेर, वरच्या डेकच्याही वर एक वेगळा आपत्कालीन जनरेटर लागतो. इंजिनघरात पाणी भरलं किंवा आग लागली, तरी तो वाचला पाहिजे. मुख्य वीज गेल्यापासून ४५ सेकंदांच्या आत त्याने आपोआप वीज दिली पाहिजे. तो २२.५ अंश कललेल्या जहाजातही चालला पाहिजे. त्याच्या टाकीत मालवाहू जहाजावर १८ तासांचं, प्रवासी जहाजावर ३६ तासांचं इंधन असलं पाहिजे. आणि गंमत बघा, मुख्य सेटला सोडून दिलेला रेडिएटर इथे बऱ्याचदा परत येतो, कारण या जनरेटरने समुद्राच्या पाण्याच्या पंपांवरही अवलंबून राहायचं नसतं.

एवढी काळजी असूनही काय घडू शकतं, ते २६ मार्च २०२४ च्या पहाटे अमेरिकेतल्या बाल्टिमोरला दिसलं. डाली नावाच्या सुमारे ३०० मीटर लांबीच्या कंटेनर जहाजाची वीज बंदरातून बाहेर पडताना गेली. ती परत आली आणि पुन्हा गेली. चारेक मिनिटांत जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं आणि पूल कोसळला. पुलावर रस्तादुरुस्ती करणारे सहा कामगार गेले. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. अमेरिकी तपास यंत्रणेने पुढे जे शोधून काढलं ते प्रत्येक वायरमनने लक्षात ठेवावं असं आहे. पहिल्यांदा वीज गेली ती एका सैल वायरीमुळे. वायरीवर नावाची पट्टी चुकीच्या जागी बसली होती, त्यामुळे तिचं टोक जोडणीत पूर्ण शिरलंच नव्हतं. दुसऱ्यांदा वीज गेली, कारण जनरेटरांना इंधन देण्यासाठी वापरलेला पंप वीज आल्यावर आपोआप चालू होणाऱ्यांतला नव्हता.

९. इंधनाचा काळा फरक

भारतात २०२० च्या एप्रिलपासून पंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचं प्रमाण दशलक्षात १० भागांपर्यंत खाली आलं. त्याच वर्षीच्या १ जानेवारीपासून जहाजांच्या इंधनावर जगभर मर्यादा आली, ती ०.५० टक्क्यांची, म्हणजे दशलक्षात ५,००० भाग. त्याआधी ती ३.५ टक्के होती. म्हणजे सुधारणेनंतरही परवानगी आपल्या डिझेलच्या ५०० पट. बरंचसं जहाजी इंधन डांबरासारखं घट्ट असतं. ते १०० अंशांच्या वर तापवून, गाळून, त्यातलं पाणी काढून मगच इंजिनात जातं. शीतगृहाच्या सेटमध्ये ते ओतलं तर फिल्टरच्या पुढेही जाणार नाही. आवाजाबाबतही जमिनीवरचाच नियम कडक आहे. आपल्याकडे सेटला आवाज अडवणारी पेटी लागते आणि एक मीटरवर आवाज ७५ डेसिबलच्या आत हवा.

१०. मग हे बनवतं कोण आणि चालवतं कोण?

तासगावच्या शेजारी किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर ती वसवली. त्याच घराण्यातून १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली आणि आपल्या भागात विहिरीवरच्या इंजिनाला लोक त्याच नावाने ओळखू लागले. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय नौदलाने याच कंपनीशी ६ मेगावॉटचं जहाजी डिझेल इंजिन देशातच घडवण्याचा करार केला. खर्च २७० कोटी रुपये, त्यातला ७० टक्के सरकारचा. या ताकदीची इंजिनं आजवर बहुतेक बाहेरूनच येत होती.

चालवणाऱ्यांचं म्हणाल, तर जहाजावर इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर हे पद असतं. आंतरराष्ट्रीय नियमांत २०१० च्या मनिला दुरुस्त्यांनी त्याला स्वतंत्र मान्यता मिळाली. सांगली जिल्ह्यात इलेक्ट्रिकलचे डिप्लोमा आणि डिग्री करणारी मुलं पुष्कळ आहेत. नौवहन महासंचालनालयाने मान्य केलेला काही महिन्यांचा अभ्यासक्रम करून त्यांना या वाटेने जाता येतं. तीन दिव्यांचा खेळ त्यांच्या हाती येईल तेव्हा आपल्या द्राक्षांची राखण आपलीच मुलं करतील. मात्र जहाजावर नोकरी देतो म्हणून पैसे मागणारे एजंट गावोगाव फिरतात. संस्थेचा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे का आणि भरती करणाऱ्या कंपनीकडे महासंचालनालयाचा परवाना आहे का, हे त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.